लाल नावे

शेवटचे नाव भिंतीवर उजळले तेव्हा टाळ्या वाजल्या, पण त्या रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने. तिकडे कॉलेजची पोरे, दोन वार्ताहर आणि सायकली थांबवून उभी राहिलेली हौशी मंडळी होती. अलीकडे घडीच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसे बसली होती. ती नावे त्यांचीच होती, आणि त्यांच्यातून एकही टाळी आली नाही.

मेविस सीतो प्रोजेक्टरमागे उभी होती. चार मजली विटांच्या इमारतीवर तिने उजेडाने भाडेकरूंची नावे लिहिली होती. चिनी अक्षरे, एकेक अक्षर खिडकीएवढे, आणि सगळी लालभडक. इमारत पाडून तिथे काचेचा टॉवर उभारायचा मालकाचा बेत होता. व्हँकुव्हरच्या चायनाटाउनमध्ये असले बेत आता रोजचेच झाले होते. पुढच्या आठवड्यात नगरपालिकेत सुनावणी होती, आणि त्याआधी इथे कोण राहते ते शहराला एकदा दिसू दे, एवढीच मेविसची कल्पना.

आधी चौथ्या मजल्यावरचे देर आजोबा उठले. त्यांनी खुर्चीची घडी केली, काखेत मारली आणि टोपी सारखी करून जिन्याकडे चालू लागले. त्यांच्यामागे तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी गेल्या. मग एकेक करत सगळेच उठले. मेविसला वाटले, गारठा वाढलाय म्हणून जात असतील.

सगळ्यांत शेवटी तिची आई उठली. आई दुसऱ्या मजल्यावर राहायची, म्हणजे भिंतीवर तिचेही नाव होते. ती प्रोजेक्टरपाशी आली आणि छत्रीचे टोक भिंतीकडे करून म्हणाली, "माझं नाव विझव."

"का? आवडलं नाही?"

"विझव म्हटलं ना."

मेविसने प्रोजेक्टर बंद केला. पलीकडे पुन्हा टाळ्या पडल्या. त्यांना वाटले, कार्यक्रमाचा शेवटच असा आहे.

मेविस पन्नाशीला टेकली होती आणि तिचा धंदा नेमका काय हे आईला आजवर कुणाला धड सांगता आले नव्हते. चित्रफिती, आवाज, उजेड, जुने फोटो असे सगळे एकत्र करून ती काहीतरी मांडते आणि लोक ते बघायला येतात, हे आईने दुरून पाहिले होते. कुणी विचारले की ती म्हणायची, "दिवे लावते." त्यामुळे अर्ध्या गल्लीचा असा समज होता की सीतोबाईंची मुलगी वायरमन आहे, आणि बाईमाणसाने हे काम करावे म्हणजे कमाल आहे.

मेविसला बायका आवडतात हेही गल्लीला ठाऊक होते. ते तिने लपवले नव्हते. ऐन तिशीत नववर्षाच्या मिरवणुकीत तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी सप्तरंगी झालरीचा सिंह नाचवला होता. आता गल्लीत गहजब होईल, असे सगळ्यांना वाटले. प्रत्यक्षात तक्रार आली ती एवढीच, की सिंहाची दाढी फार आखूड होती. आई तर त्या दिवशी फक्त म्हणाली, "एवढ्या थंडीत मफलर घातला नव्हतास." यातून काय समजायचे ते मेविसला तेव्हाही कळले नाही आणि पुढेही कळले नाही. आई रागावली असती तर भांडता आले असते. मफलरशी कसे भांडायचे?

ओरिसियाच्या बाबतीतही तेच. ओरिसिया आणि मेविस वीसेक वर्षे एकत्र राहत होत्या. ओरिसिया मूळची सस्कॅचवनच्या गव्हाच्या मुलखातली, युक्रेनी घरातली, शाळेची बस चालवणारी, आणि दारातून येताना मान वाकवावी लागेल एवढी उंच. आईने तिचे नाव कधी तोंडातून काढले नाही. "ती लांबडी" म्हणायची. लांबडीला कधी जेवायला बोलावले नाही. पण दर रविवारी मेविसबरोबर सूपची बरणी द्यायची ती दोन माणसांना पुरून उरेल एवढी. एकदा मेविस म्हणाली, एवढं कशाला, मी एकटी किती पिणार? त्यावर आई म्हणाली, "मग ओतून दे." बरणी मात्र लहान झाली नाही.

आणि वर्षातून एकदा, एप्रिलच्या सुरुवातीला पितरांची थडगी झाडायचा दिवस यायचा, तेव्हा गाडी ओरिसियाच चालवायची. आईला आणि मेविसला ती टेकडीवरच्या दफनभूमीच्या फाटकाशी सोडायची आणि स्वतः गाडीत शब्दकोडे सोडवत बसायची. पहिल्या वर्षी आई म्हणाली होती, "तिला कशाला चढाची दगदग." तेव्हापासून ती दगदग तिला कुणी होऊ दिली नव्हती. ओरिसिया कधी कुरकुरली नाही. यंदा मात्र मेविसने मनाशी ठरवले होते की आईला स्पष्ट सांगायचे, ओरिसिया गाडीतून उतरेल, नाहीतर मीही उतरणार नाही. ठरवून झाले होते, आणि नेमके त्याच आठवड्यात तिने भिंत रंगवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी ती संत्र्यांच्या पिशव्या घेऊन इमारतीत गेली. माफी मागायची तर हात रिकामे ठेवून जात नाहीत, एवढे तिला माहीत होते. लाल रंगाने काहीतरी बिनसले एवढे जिन्यात कानावर आले होते, पण कशाची माफी, हे माहीत नव्हते. लग्नात लाल, नववर्षाला लाल, बाळाच्या बारशाला अंडी लाल, दारावरच्या पट्ट्या लाल. ज्या लोकांना जन्मभर लाल रंगाशिवाय शुभ काही सुचले नाही, त्यांचे लाल रंगाने काय बिघडले?

देर आजोबांनी संत्री घेतली आणि सांगितले की पूर्वी एखाद्याशी कायमचे संबंध तोडायचे असले की त्याचे नाव लाल शाईने लिहीत. "तू सगळ्या इमारतीशी संबंध तोडलेस, आणि तेही शहरासमोर," ते म्हणाले. दोघी बहिणींपैकी थोरलीचे म्हणणे, छे, लाल नाव म्हणजे फाशीचा कैदी. धाकटीने तिला गप्प केले. म्हणाली, ते फार जुने झाले, लाल नाव फक्त थडग्यावर असते आणि म्हणून तिला रात्रभर छातीत धडधडत होते. तळमजल्यावरचे म्हातारे म्हणाले, आपली काहीच हरकत नव्हती, सगळे उठले म्हणून आपण उठलो. मेविसने तिन्ही ठिकाणी मान खाली घालून माफी मागितली. सुनावणीला याल ना, असे विचारायचे होते, पण धीर झाला नाही.

आईचे दार बंद होते. आतून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे आई घरात होती. मेविसने दोनदा हाक मारली. भांडी जास्त जोरात वाजायला लागली. तिने संत्री दाराच्या कडीला अडकवली आणि ती खाली उतरली.

कोपऱ्यावर जुन्या चिनी घराण्यांच्या कुलमंडळाची खोली होती. तिथे लोव काका खिडकीशी बसून कुंचल्याने पाट्या लिहीत. गल्लीतली निम्मी अक्षरे त्यांच्या हातची. मेविसला चिनी बोलता यायचे, पण ते स्वयंपाकघरातले. वाचायचे म्हटले तर आडनाव आणि स्वतःचे नाव, यापुढे गाडी जात नव्हती. भिंतीवरची नावे तिने संगणकाकडून उतरवून घेतली होती. हे ऐकून लोव काकांनी कुंचला धुतला आणि बराच वेळ धूतच राहिले.

"मला एकदा विचारायचं तरी," ते म्हणाले. "मी काळ्या रंगात लिहून दिली असती."

"पण नेमकं चुकलं काय, काका? प्रत्येकजण वेगळंच सांगतोय."

"बरोबरच आहे सगळ्यांचं. तुझ्या वडिलांचा दगड पाहिलायस ना? त्यांचं नाव सोनेरी आहे. शेजारी आईचं आहे ते कुठल्या रंगात?"

मेविसने आठवून पाहिले. दर वर्षी तिने ते पाहिले होते, आणि शोभेसाठी असेल असे समजून सोडून दिले होते. "लाल," ती म्हणाली.

"नवरा गेला की बायकोचंही नाव कोरून घेतात. ती आहे तोवर लाल. गेली की सोनेरी करायचं. म्हणजे काय, जागा धरलेली आहे, माणूस यायचंय." काकांनी चहा ओतला. "आता तू अख्ख्या इमारतीची जागा धरून ठेवलीस, तर माणसं उठून जाणार नाहीत तर काय करतील?"

मेविसला हसू आले आणि रडूही आले. काका तिच्या पाठीवर थोपटून म्हणाले, होईल शांत आई. "तिला लालचं एवढंच वावडं असतं तर थंडीत तिनं स्वतःच..." आणि ते एकदम थांबले.

"थंडीत काय?"

"थंडीत माझे गुडघे धरतात," लोव काका म्हणाले आणि त्यांनी कुंचला पुन्हा धुवायला घेतला.

संध्याकाळी मेविसने भावाला फोन करून थंडीत आई कुठे गेली होती का ते विचारले. क्लिफर्ड रिचमंडला राहायचा आणि घरातल्या कुठल्याही गोष्टीत पडायचे नाही, हे त्याने लहानपणीच ठरवले होते. तो म्हणाला, हो, आईला जानेवारीत थडग्यांचे दगड कोरणाऱ्या दगडवाल्याकडे नेलं होतं, पण आपण गाडीतून उतरलो नाही. यंदा दफनभूमीतही तो येणार नव्हता, बायकोच्या माहेरची थडगी दुसऱ्या गावात होती.

आता मेविसच्या डोक्यात चक्र सुरू झाले. वडिलांच्या दगडाच्या कडेला, दगड उभारणारे म्हणून, मुलांचीही नावे कोरलेली होती, क्लिफर्डचे आणि तिचे. आई दगडवाल्याकडे कशाला गेली असेल? लोव काका का थांबले? आणि देर आजोबांनी काय सांगितले होते, तर संबंध तोडायचे असले की लाल शाई. आईने कडेचे तिचे नाव लाल करून घेतले असणार. किंवा काढूनच टाकले असणार. आयुष्यभर जे तोंडाने बोलली नाही ते तिने दगडवाल्याकडून बोलवून घेतले असणार.

ओरिसियाने सगळे ऐकून घेतले. ती बटाटे सोलत होती. "विचार ना तिला सरळ," ती म्हणाली.

"आमच्यात असं विचारत नाहीत."

"वीस वर्षं हेच ऐकतेय मी." ओरिसियाने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच मेविसला जास्त वाईट वाटले. "हे बघ, मी गाडीत बसेन. मला सवय आहे. माझ्यापायी तुझं नाव जायला नको."

रविवारी आई इमारतीच्या दारात तयार उभी होती. अंगात चांगला कोट, हातात छत्री, पायाशी दोन पिशव्या. ती मेविसशी एक शब्द बोलली नाही. ओरिसियाने पिशव्या डिकीत ठेवल्या तेव्हा मात्र म्हणाली, "सरळ ठेव म्हणावं तिला. कोंबडी आहे." ते मेविसला उद्देशून होते की हवेला, ते सांगता येत नव्हते. आई नेहमीप्रमाणे मागे बसली आणि पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत राहिली. मेविसने तोंड उघडायचे दोनदा मनात आणले, आणि दोनदा गाडी नेमकी सिग्नलला थांबली.

फाटकाशी ओरिसियाने गाडी लावली, शब्दकोडे काढले आणि मेविसकडे बघून मान हलवली, जा म्हणून. मेविसने पिशव्या उचलल्या. स्वतःचाच तिला राग आला होता.

वडिलांच्या दगडापाशी पोचल्यावर तिने आधी कड बघितली. क्लिफर्डचे नाव होते. त्याच्याखाली तिचेही होते, जसेच्या तसे. आणि मग तिला शेजारचा दगड दिसला. तिथे गेल्या वर्षी नुसते गवत होते. आता एक ठेंगणा करडा दगड होता, नवाकोरा, आणि त्यावर शेजारी शेजारी दोन नावे. दोन्ही लाल.

डावीकडचे तिचे होते. उजवीकडच्या नावात वरचे सीतो आडनाव तेवढे तिला वाचता आले. खालची अक्षरे तिने जन्मात पाहिली नव्हती.

तिच्या मनात नको नको ते आले. मेलेल्या परक्या पुरुषाशी लग्न लावून देतात, अशा जुन्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या. आई वाकून वडिलांपुढे तीन पेले मांडत होती. कोंबडी, संत्री, भाजलेल्या डुकराचा तुकडा, सगळे जागच्या जागी. मेविस उभीच राहिली.

"आई, हे दुसरं नाव कुणाचं?"

आईने पेला भरला. "गाडीत कोण बसलंय?" ती म्हणाली.

वारा सुटला होता आणि पलीकडे कुणीतरी पितरांसाठी जाळलेल्या कागदी नोटांची राख उडत होती. मेविसला आपण नीट ऐकले की नाही ते कळेना. ती म्हणाली, पण तू तिचं नाव कधी घेतलं नाहीस. आई म्हणाली, तोंडाने घेतलेल्या नावाचं काय मोल, लोवला बसवून चांगली अक्षरं निवडून घेतली आहेत, म्हाताऱ्याने केवढी हुज्जत घातली, मुलगी आईबापाशेजारी कशी आणि ही परकी आपलं आडनाव कशी लावेल. शेवटी आईने त्याला सांगितले होते, तुला लिहायचं नसेल तर मी माझ्या वेड्यावाकड्या हाताने लिहीन, आणि खाली तुझं नाव टाकीन.

"आणि बाबा?"

"त्यांना विचारलं की. कौल लावला." आईने कोटाच्या खिशातून लाकडाच्या दोन अर्धचंद्री फोडी काढून दाखवल्या. दगडापुढे टाकायच्या, आणि एक उताणी, एक पालथी पडली की पितरांचा होकार. "तिसऱ्यांदा हो म्हणाले."

"आधी दोनदा?"

"आधी दोनदा ऐकू आलं नसेल. कानानं कमीच होते."

मेविस खाली बसली. तिला काय वाटत होते ते तिलाच सांगता आले नसते. आनंद होता, पण त्यात वीस वर्षांचा राग कालवलेला होता. जिवंतपणी टेबलाशी खुर्ची नाही आणि मेल्यावर शेजारी जागा, ही कुठली रीत? हे तिने विचारले नाही. विचारले वेगळेच. "मग भिंतीवर लाल लिहिलं तर तू एवढी का चिडलीस?"

आईने पेले एका रेषेत लावले. "भिंत पाडणार आहेत म्हणतेस ना? मग पडायच्या भिंतीवर जिवंत माणसाचं नाव धरायचं असतं का? दगड इथंच राहणार आहे. इथं धर." मग ती म्हणाली, "सुनावणीला येऊ आम्ही. काळ्या रंगात लिही. आणि ज्याचं नाव त्याच्या हातचं घे, मशीनचं नको. ती अक्षरं म्हणजे डब्यावरच्या लेबलाची वाटत होती."

दुसऱ्या पिशवीतून तिने लाल रंगाची छोटी डबी आणि बारीक ब्रश काढला. दगड नवा असला तरी या दिवशी अक्षरांवर रंगाचा हात फिरवायचा असतो. मेविसने हात पुढे केला. आईने ब्रश मागे घेतला.

"माझे हात कापतात. तुझ्याकडून रंग रेघेबाहेर जातो, लहानपणापासून. तिला बोलाव."

मेविस दहा पावले धावली आणि थांबली. "तिला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. कळलं तर हात थरथरेल. आधी रंगवू दे."

ओरिसिया हातात शब्दकोडे तसेच घेऊन आली, घाबरलेली. कुणाला काही झाले का, असे तिने विचारले. आईने तिच्या हातात ब्रश दिला, दगड दाखवला, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, हळूहळू. ओरिसियाने मेविसकडे पाहिले. मेविसने दुसरीकडे पाहिले. मग ती एवढी मोठी बाई ओल्या गवतावर गुडघे टेकून बसली, चष्मा नाकावर घेतला आणि पहिल्या अक्षरात रंग भरू लागली.

तिचा हात स्थिर होता. रोज साठ पोरे घेऊन बस चालवणाऱ्या माणसाचा असावा तसा. डावीकडचे नाव झाले, मग उजवीकडचे. आई छत्रीवर रेलून एकेक रेघ तपासत होती आणि कुठे रंग कमी वाटला की छत्रीच्या टोकाने दाखवत होती. शेवटची रेघ खालपर्यंत नेऊन ओरिसियाने ब्रश उचलला आणि विचारले, "कुणाची आहेत ही?"

आईने डावीकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "ही माझी मुलगी."

मग उजवीकडे.

"ही शेजारीण," आई इंग्रजीत शोधून शोधून म्हणाली. "माझी. पुढची शेजारीण. फार उंच."

ओरिसिया दगडाकडे बघत राहिली. ओल्या रंगाला हात लागणार नाही अशा बेताने तिने बोट अक्षरापर्यंत नेले आणि तिथेच धरून ठेवले. तिचा हात आता थरथरत होता. आईने डबीचे झाकण लावले, ब्रश कागदात गुंडाळला आणि एक संत्रे सोलायला घेतले.

"ऊठ म्हणावं तिला," ती मेविसला म्हणाली. "गवत ओलं आहे. आणि तीनदा वाकायचं असतं, ते दाखव."

ओरिसिया उठली. तिघी दगडांपुढे वाकल्या, ओरिसिया एक ठेका उशिरा. मग तिथेच उभ्याने त्यांनी कोंबडी खाल्ली. खाली फाटकाशी गाडी उभी होती. घाईत तिचे दार उघडेच राहिले होते, आणि आत कुणी नव्हते.